शहनाज, लॅपटॉप घेतला

शहनाज, लॅपटॉप घेतला. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर तू दुसरं काही ऐकूनच घेणार नाहीस. कोणता घेतला, त्याची रॅम बदलता येते की चिकटवलेली आहे, खालच्या बाजूला स्क्रू आहेत की नाहीत, सगळं सांगते. जरा दम धर. आयुष्यभर धरला नाहीस, आता तरी धर.

तू गेल्याला चाळीस दिवस झाले नाहीत, तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. दारव्ह्याला तुमच्या घरी अजून लोक येऊन बसतात. रफिकभाईंनी मोटर वाइंडिंगचं दुकान उघडलंय, पण मोटर पुढ्यात घेऊन ते नुसतेच बसलेले असतात. आणि मी, तांड्यावरची रिटायर झालेली मास्तरीण, तुझ्याशी रॅमच्या गोष्टी करते आहे. शोक करायची ही कोणती रीत, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. आपण दोघी जन्मभर भांडलो ते याच गोष्टींवरून, मग रडायला दुसरा विषय कुठून आणू?

आपली भेट झाली तीसुद्धा मशीनपाशीच. टायपिंग क्लासमध्ये मशीनं कमी आणि मुली जास्त, म्हणून एका मशीनवर दोघींना बसवायचे. तू बडवायचीस आणि मी वाचून दाखवायचे, मग उलट. तुझा वेग असा की पाहणाऱ्याची छाती दडपावी, आणि चुका अशा की सरांची. रिबन अडकली की बाकीच्या मुली सरांना हाक मारायच्या. तू सरळ झाकण उघडायचीस आणि हात काळे करून घ्यायचीस. सर ओरडायचे, "अवं पोरी, मोडशील ना थे!" त्यावर तुझं उत्तर ठरलेलं असायचं, "उघडून पाह्यल्याबगर समजन कसं, सर?"

हे वाक्य तू सरांना म्हणालीस, पुढे सासूला म्हणालीस, आणि दवाखान्यात डॉक्टरलासुद्धा म्हणालीस. डॉक्टर हसला नाही. मी हसले.

मग मला नोकरी लागली, तुझं रफिकभाईंशी लग्न झालं, आणि काही वर्षांनी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत तुझा कॉम्प्युटर क्लास सुरू झाला. त्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नसे, तरी लांबलांबच्या गावांहून मुली यायच्या, कारण आईबाप म्हणायचे, बाई शिकवते ना, मग जा. एका परीक्षेच्या तोंडावर पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या मुलींच्या फायली गायब झाल्या. यवतमाळहून माणूस आला, साफ करून गेला. आठवड्यात पुन्हा तेच. तो पुन्हा आला, पुन्हा साफ करून गेला. तिसऱ्या खेपेला तू त्याला बोलावलंच नाहीस. कुठल्याशा कॉम्प्युटरच्या मासिकासोबत एक सीडी फुकट आली होती, ती घातलीस आणि दार लावून घेतलंस. दुसऱ्या दिवशी शाळेत मला फोन आला, "सुशे, जशी आहे तशी ये. मले एक जादू सापडली!"

मी जीपमध्ये दाटीवाटीने बसून आले. जादू काय, तर पडद्याचा रंग बदललेला होता आणि कोपऱ्यात वेगळी चित्रं होती. तू सांगत होतीस की याला लिनक्स म्हणतात, हे जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, कोणाच्या मालकीचं नाही, घ्या आणि वाटा.

"याच्या पोटात काय हाये थे कोणालेबी पाह्यता येते, सुशे. अन् नाही आवडलं तं बदलता येते."

"तुला येतं का बदलता?"

"मले नाही येत. पण येते ना बदलता, हे तं खरं हाये!"

मला तेव्हा फार हसू आलं होतं. चूल पेटवता येत नाही आणि जंगल आपलं म्हणून नाचते, असं मी तुला म्हणाले. तू रागावली नाहीस. पुढच्या वर्षभरात तू चूल पेटवायला शिकलीस, हे मात्र तुझ्या तोंडावर मी कधी कबूल केलं नाही. तू आधीच कमी चढेल नव्हतीस.

माझा पहिला लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा माझे वडील, बापू, अजून होते. आमच्या ओसरीवर तू बाजेवर मांडी घालून बसलीस आणि त्यांना विचारलंस, बैल कसा घेता? आमच्या लोकांच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहण्यात गेल्या, तेव्हा या विषयावर बापूंना थांबवणं कठीण. त्यांनी सांगितलं, बैल मालकाच्या दावणीला पाहायचा नाही. तिथे तो राजाच असतो. सोडून घ्यायचा, चालवायचा, खाली बसवून उठवायचा, मग दात पाहायचे, आणि जे काम त्याच्याकडून करून घ्यायचं ते त्याला तिथेच करायला लावायचं. "अन् आवडला तं तोंडावर दिसू द्याचं नाही," हे शेवटचं. तू ते सगळं अशी ऐकत होतीस जसं काही तुलाच उद्या जोडी घ्यायची आहे.

यवतमाळच्या दुकानात तू तेच केलंस. ओढणीच्या टोकाला गाठ मारून आणलेला पेन ड्राइव्ह सोडलास आणि म्हणालीस, आधी याच्यावर आमचं लिनक्स चालवून पाहू, मग बोलू. दुकानदार हबकला. त्याच्या दुकानात आजवर कोणी असं मागितलं नसावं.

"मॅडम, यात सिस्टीम आधीच टाकलेली येते. तुम्हाला काही करायचंच नाही."

"काही करायचंच नाही तं घ्याचा कायले?"

"सोबत कोणी जेन्ट्स नाही आले का?"

"आले ना. बाहेर चपला सांभाळून राह्यले."

रफिकभाई खरंच बाहेर उभे होते. त्यांनी आत डोकावून फक्त मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागले. त्या माणसाने तुझ्यामुळे किती दुकानांबाहेर उभं राहायचं, याला काही मर्यादा नव्हती.

लॅपटॉप सुरू झाला. आवाज, पडदा, कळा, मराठी टायपिंग, सगळं तू तपासलंस. मग सवयीने पर्समधून फोनची वायर काढलीस, फोन लॅपटॉपला जोडलास आणि नेट लावून दाखवलंस. नेट धावलं. तू माझ्याकडे पाहिलंस, तोंडावर काहीही न दाखवता, अगदी बापूंच्या शिकवणीप्रमाणे. आपण बैल घेतला.

बैल एका पायाने अधू होता. ते कळायला कितीतरी महिने गेले. आमच्या तांड्यावर तेव्हा रेंज फक्त आडव्या लाकडाच्या वर, कौलांजवळ यायची. फोन पिशवीत घालून तिथे टांगायचा आणि लांब वायरने खाली नेट आणायचं, ही आपली पद्धत. तुझ्या क्लासमध्येही तेच. वायरीशिवाय नेट असतं हे ऐकून माहीत होतं, पण लावून कोण पाहणार? यवतमाळच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात साहेबांनी पासवर्ड फळ्यावर लिहिला, सगळ्यांचे लॅपटॉप जोडले गेले, आणि माझ्या लॅपटॉपला वाय-फाय नावाची गोष्टच दिसेना. त्याच्या पोटातलं वाय-फायचं कार्ड आपलं लिनक्स ओळखतच नव्हतं. शेजारच्या गुरुजींना हसू लपवायला पदर नव्हता म्हणून त्यांनी तोंडावर हातरुमाल धरला.

मी संध्याकाळी थेट तुझ्याकडे आले. "दात पाहिलेस, शेपूट पाहिलंस, चारही पाय पाहायचे राहिले," म्हणाले. तुझा चेहरा आधी पडला. मग तू हसायला लागलीस ते थांबेचना. हसता हसता खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसलीस. रफिकभाई दुकानातून धावत आले, त्यांना वाटलं कोणाला करंट लागला. पुढे तू एक बोटाएवढी पट्टी शोधून आणलीस, ती बाजूला खोचली की वाय-फाय चालायचं. पण चारचौघांत माझ्या लॅपटॉपचं नाव निघालं की तू विषय बदलायचीस, हे मला फार आवडायचं.

तो लॅपटॉप पुष्कळ चालला. त्याची बिजागरी तुटली तेव्हा मी पडद्याच्या पाठीशी वरवंटा उभा करायचे. त्याची 'र' ची कळ मेली, तर तू कोपऱ्यातली एक कधी न लागणारी कळ घेऊन तिलाच 'र' करून दिलंस. "पाह्य, बदलता आलं का नाही?" म्हणालीस. पंधरा वर्षांपूर्वीच्या माझ्या टोमण्याचं उत्तर तू त्या दिवशी दिलंस. इतकं लक्षात ठेवायचं असतं का गं?

आणि त्याच लॅपटॉपवर आपलं खरं काम सुरू झालं. बापू गेल्यावर याडी माझ्याकडे राहायला आली. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, पण तू तर तिला माझ्याआधीपासून याडी म्हणायचीस. तिला ढावलो किती येतात याचा अंदाज मलाही नव्हता. मुलगी सासरी निघते तेव्हा ती आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते ते ढावलो. आता लग्नात ते कोणी गात नाही, नवरीचा मेकअप बिघडतो. तू एकदा ओसरीवर बसली असताना याडीने सहज एक ओळ धरली. तुला आमची बोली कळत नव्हती, तरी तुझे डोळे भरून आले. तेही नेमके चुकीच्या ठिकाणी, नवरी सासूची टिंगल करत होती तिथे. याडीला तू त्या दिवशी कायमची आवडलीस.

तेव्हापासून दर रविवारी तू यायचीस, हिरवी स्कूटी अंगणात लावायचीस, मी लॅपटॉप उघडायचे आणि याडी गायची. मी रेकॉर्ड करायचे, एकेक ओळ पुन्हा लावून तिला अर्थ विचारायचे आणि टाइप करायचे. तुझं काम फक्त "वाह याडी" म्हणण्याचं. पण तू नसलीस तर ती गायची नाही. "शहनाजेन आवण दं," म्हणायची, शहनाजला येऊ दे. पोटच्या पोरीपुढे गायला तिला काय चव लागत नव्हती कोण जाणे.

फायली वाढल्या आणि आपलं मोठं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, ही गाणी इंटरनेटवर मोकळी टाकू, लिनक्ससारखी. ज्याला हवी त्याने घ्यावी, गावी, बदलावी. माझा जीव वरखाली झाला.

"आमच्या बाया रडल्या त्याच्यावर कोणी डीजे लावून नाचेल," मी म्हणाले.

"नाचू दे ना वं. नाचले तरी गाणं जित्तं राह्यलं. तू कपाटात ठेवशील तं कोण गाईन? याडी कोणाले इचारून शिकली व्हती?"

"आणि त्याच्यावर उद्या कोणी स्वतःचं नाव लावलं तर? आमच्याकडून मीठ नेलं, धान्य नेलं, नाव कोणी लिहून ठेवलं आमचं?"

यावर तू कप रिकामा केलास. मग म्हणालीस, "मोकळं म्हंजे बेवारस नसते, सुशे. आपण लिहून ठिऊ ना, गाणं घ्या, पण कोणाचं हाये थे सांगा."

मला पटलं नाही. पुढच्या रविवारी तू पुन्हा काढलंस, मी पुन्हा नाही म्हणाले. तू तुझंच घोडं दामटायचीस आणि मी माझं. चहा मात्र कधी थंड होऊ दिला नाही आपण.

मग तुझी किडनी बिघडली आणि रविवार डायलिसिसच्या वेळापत्रकात अडकले. त्याच दिवसांत लॅपटॉपनेही मान टाकली. फायली सुरक्षित होत्या, दोन ठिकाणी ठेवायची शिस्त तू लावली होतीस. पण काम थांबलं. मुलगा पुण्याहून रोज सांगायचा, "आई, ऑनलाइन मागव, दोन दिवसांत दारात येईल." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी म्हणायचे, शहनाज बरी होऊ दे, दोघी जाऊन घेऊ.

तुला हे दवाखान्यात कळलं. मी सफरचंद चिरत होते. तू माझ्याकडे न पाहता छताकडे पाहत म्हणालीस, "लॅपटॉप काहून नाही घेतला अजून?"

"तू चल. तुझ्याशिवाय मला काय कळतं?"

"खोटं नको बोलू. तुले सगळं कळते. तू मले बांधून ठिऊन राह्यली त्या लॅपटॉपनं."

तू ओळखलंस. माझ्या मनात तेच होतं. आपलं एक काम अर्धं आहे म्हटल्यावर तुला यावंच लागेल, अर्धं काम टाकून तू कधी उठली नाहीस, असा माझा वेडा हिशोब होता. तू माझा हात धरलास. तुझ्या हातावर सुयांच्या जागी निळं पडलं होतं.

"माह्यं राहू दे. याडी थांबन का? रोज एक गाणं इसरत चालली थे. मी नसली तरी घेजो. अन् लिनक्स तूच टाकजो, कोणाले बोलावू नको."

त्यानंतर आपण दुसरंच काहीतरी बोलत बसलो, तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेबद्दल. घेते, एवढा एक शब्द मी तुला द्यायला हवा होता. तो राहून गेला. तुझी मिट्टी निघाली तेव्हा मी आत बायकांत बसले होते. तुला नेताना माणसांच्या पायांचा आवाज ऐकू आला आणि अंगणात तुझ्या स्कूटीवर कोणीतरी चादर टाकलेली दिसली. मला रडू आलं नाही.

याडीला मी सांगितलं नाही. तिचं आता सगळं सरमिसळ होतं. कालचं जेवण आठवत नाही, बापू बाजारातून यायचे आहेत म्हणून दाराकडे पाहते. गाणी तेवढी शाबूत होती, पण तीही उसवायला लागली होती. एका ढावलोने सुरू करायची आणि दुसऱ्यातच निघायची, मग मध्येच थांबून माझ्याकडे पाहायची. रविवार तेवढा तिला बरोबर कळायचा. "शहनाज कत छ?" कुठे आहे शहनाज? मी म्हणायचे, दवाखान्यात आहे, येईल. गेल्या रविवारी तिने तिच्या लग्नातला ढावलो धरला, जो तिला झोपेतसुद्धा यायचा, आणि दुसऱ्या ओळीला अडकली. कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा धरला. पुन्हा तिथेच. मी सोमवारी सकाळची जीप पकडली.

दुकान तेच, दुकानदार थोडा जाडा झालेला. त्याने मला ओळखलं नाही, पण पेन ड्राइव्ह बाहेर काढल्याबरोबर ओळखलं. "त्या दुसऱ्या मॅडम?" म्हणाला. मी म्हणाले, "त्या नाहीत आता." त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि मुकाट्याने दोन लॅपटॉप काढून ठेवले.

पहिला पातळ, चांदीसारखा, मुलाने फोटो पाठवलेला तोच. दुसरा जाड, काळा, खाली स्क्रू, बॅटरी निघणारी. माझा जीव पहिल्यावर गेला, खोटं कशाला बोलू. त्याच्यावर लिनक्स सुरू केलं. पडदा सुरेख. कळा मऊ. आणि वाय-फाय, शहनाज, वाय-फाय आधी पाहिलं! दुकानाचाच पासवर्ड मागून घेतला, वायर पर्सबाहेरसुद्धा काढली नाही. धाड्कन जोडलं गेलं. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात बापूंचं आठवलं, जे काम करून घ्यायचं ते तिथेच करायला लाव. माझं काम काय, तर याडीचा आवाज. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तोंडातून निघालं, "शहनाज, ऐकू येतं का?"

पडद्यावर सरळ रेघ. पुन्हा बोलले, मोठ्याने. पुन्हा सरळ रेघ. त्या देखण्या लॅपटॉपचा माइक आपल्या लिनक्सला कळतच नव्हता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दुकानदार म्हणाला, नवीन मॉडेल आहे, काही महिन्यांत चालेलही. काही महिने माझ्याकडे नव्हते. मी पेन ड्राइव्ह काढून काळ्याला लावला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. रेघ हलली. मग माझाच आवाज मला ऐकू आला, तुला विचारणारा. दुकानदार काउंटरवरची बिलं सारखी करत राहिला. मला तिथे बसवत नव्हतं, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. काळा घेतला.

घरी येऊन लिनक्स मीच टाकलं. तू उगाच खूश होऊ नकोस, एकदा सगळं अडलं होतं, सुरुवातीच्या निळ्या पडद्यातली कुलूप लावणारी एक सेटिंग बंद करायची असते ती विसरले होते. दोनदा हात फोनकडे गेला, तुला विचारायला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचत गेले आणि झालं. तुला किती राग यायचा मी "तू आहेस ना" म्हणून खुर्ची सोडली की. आता कळतं तू मला त्या खुर्चीवर ढकलत का होतीस. शुक्रिया. हा शब्द तुझ्यासमोर म्हटला असता तर तू म्हणाली असतीस, तब्येत बरी हाये ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर ऊन आलं तेव्हा लॅपटॉप याडीच्या बाजेवर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तिने आधी अंगणात पाहिलं. "शहनाज कत छ?"

मी म्हणाले, "याडी, शहनाज गेली. देवाघरी गेली."

तिने माझं मनगट धरलं. डोळे एकदम लख्ख झाले, बापू होते तेव्हासारखे. "कधी गेली?"

सांगितलं.

"मले नाही नेलं तू?"

"नाही नेलं, याडी."

तिने पुन्हा अंगणात पाहिलं. मला वाटलं, विसरली असेल, आता पुन्हा विचारेल आणि मला पुन्हा सांगावं लागेल. पण तिने लॅपटॉपकडे बोट केलं, "थे चालू हाये का?" चालू आहे म्हटल्यावर "राहू दे" म्हणाली. मग माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि सूर लावला.

ढावलो मुलगी गाते, शहनाज. निघून जाणारी गाते आणि मागे राहणारे ऐकतात. याडीने ते उलटं केलं. ती आई होऊन निघून गेलेल्या मुलीला गात होती. या ओळी आपल्या एकाही फायलीत नाहीत, त्या याडी तिथल्या तिथे जोडत होती. त्यात दारव्ह्याची वाट होती, हिरवी गाडी होती, परक्या घरून येऊन आपल्या गाण्यावर रडणारी छोरी होती, आणि प्रत्येक कडव्याला तुझं नाव होतं. आमच्या गाण्यात शहनाज हे नाव याआधी कोणी गायलं नसेल. ती एकदाही अडकली नाही. मी मात्र रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, तांड्यावरच्या बाया रडतात तशी. शेजारीण धावत आली आणि दारातच बसून राहिली.

नंतर फाइल ऐकली. त्यात माझं रडणं आहे, कोंबडा आहे, शेजारणीचं "काय झालं वं" आहे. पहिला विचार हाच आला की हे कोणालाही द्यायचं नाही. मग रफिकभाईंना तरी ऐकवावं म्हणून दुकानात नेलं. त्यांना आमची बोली कळत नाही. तुझं नाव आलं तसा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. "बहनजी, यह मेरेको दे सकते क्या?" म्हणाले. अशा माणसाला नाही कसं म्हणणार? आणि त्यांना दिलं, तर तुझ्या क्लासच्या मुलींनी मागितलं तेव्हा काय सांगणार?

आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. बाकीच्या गाण्यांचं मला अजून ठरवता आलेलं नाही आणि तुझं सगळं पटलेलंही नाही. पण हे एक गाणं परवा मी इंटरनेटवर सोडलं. वर याडीचं नाव घातलं, आणि खाली माझ्या हाताने टाइप केलं की हे कोणीही घ्यावं, गावं, आपल्या बोलीत न्यावं, चाल बदलावी, हवं तर डीजेवरही लावावं. अट एकच आहे. ज्या मुलीसाठी हे गायलं तिचं नाव शहनाज होतं, ते गाण्यातून काढू नये.